आधी श्वास सोडायचा

मी वीज उपकेंद्रात यंत्रचालक आहे. कराडच्या बाजूला उसाच्या शिवारात आमचं ३३/११ केव्हीचं उपकेंद्र आहे. दर तासाला रीडिंग घेऊन लॉगशीट भरायची, फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी लाइन, ट्रिप झाला तर कारण पाहून पुन्हा चालू करायचा, गावोगावचे फोन घ्यायचे आणि लाइनमनला परमिट द्यायचं, असं हे काम. यातलं परमिट सगळ्यात जड. ब्रेकर बंद करून, आयसोलेटर उघडून, अर्थिंग लावून "आता लाइनवर काम करा" असं नोंदवून द्यायचं आणि ते परमिट परत येईपर्यंत त्या ब्रेकरला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. खांबावर चढलेल्या माणसाचा जीव खाली बसलेल्या माणसाच्या वहीवर असतो. नोकरीला लागले तेव्हापासून हे मला ठाऊक होतं. चाळिशी उलटल्यावर एका पावसाळ्यात मात्र ते अंगात शिरून बसलं.

परमिट परत आल्याची नोंद मी पुन्हा पुन्हा वाचू लागले. नंबर बरोबर, नाव बरोबर, वेळ बरोबर, माणसं खाली उतरल्याचं फोनवर ऐकलेलं, तरी ब्रेकरकडे हात जाईना. घरी आले तरी कान फोनकडेच. जेवताना घास घशाशी अडायचा, पोट बिघडलेलं असायचं, पहाटे तीनला खडखडीत जाग यायची. मग एका रात्रपाळीत छाती आवळून आली, बोटांना मुंग्या आल्या, ओठांभोवती बधिर झालं आणि कितीही श्वास घेतला तरी पुरेना. सोबतच्या मदतनिसाने नवऱ्याला फोन लावला आणि आम्ही थेट दवाखाना गाठला.

ईसीजी साधा निघाला. थायरॉईड, हिमोग्लोबिन ठीक. रक्तदाब १४६/९४. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची नोंद ठेवायला सांगितली आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्या पायऱ्या चढताना मला फार अवघडल्यासारखं झालं होतं, पण आज वाटतं, तिथे पाठवलं हेच बरं झालं. त्यांनी याला पॅनिक अटॅक म्हणतात असं सांगितलं, गोळी सुरू केली, तिचा गुण यायला काही आठवडे लागतील हेही सांगितलं. आणि एक गोष्ट कागदावर चित्र काढून समजावली, ती मी आयुष्यभर विसरणार नाही.

"तुम्हाला हवा कमी पडत नाहीये," ते म्हणाले. "तुम्ही जास्त हवा उपसताय."

निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूने आधीच ९५ ते १०० टक्के भरलेलं असतं. घाबरून भराभर श्वास घेतल्याने त्यात भर पडत नाही. उलट रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्ताची आम्लता कमी होते, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात श्वास ओढतो. शेवटी ते म्हणाले, औषध मी देतोय, पण श्वास शिकवणारं कुणीतरी चांगलं शोधा. टीव्हीवर पाहून करू नका.

शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्याच गावात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई नगरपालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये पहाटे वर्ग घेतात. त्यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात राहून योगाची पदविका घेतलेली. वर्गाला पाटी नाही, जाहिरात नाही. घरून सतरंजी आणायची, चपला ओळीत काढायच्या आणि हजेरीच्या वहीत आपले आजार लिहायचे. आजार लिहिल्याशिवाय बाई कुणाला बसू देत नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वामी कुवलयानंदांची गोष्ट सांगितली. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले, मग नर्मदाकाठी मालसरच्या माधवदास महाराजांकडे योग शिकले. शिकल्यावर त्यांना प्रश्न पडला, की हे जे अंगात घडतं ते नेमकं काय घडतं? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोट आत ओढून करायच्या क्रिया करणाऱ्या माणसांच्या क्ष-किरण तपासण्या केल्या, पोटातल्या दाबाची मापं घेतली. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून प्रयोगांचे निष्कर्ष छापायला सुरुवात केली. मला हा माणूस तिथल्या तिथे आवडला. मी मीटर वाचणारी बाई. जे मोजता येतं ते मोजावं आणि जे येत नाही त्याबद्दल आव आणू नये, हा त्यांचा स्वभाव मला आपला वाटला.

प्राणायाम शिकायला म्हणून गेले, पण सुरुवातीचे बरेच दिवस बाईंनी प्राणायामाचं नावही काढलं नाही. मान चारी दिशांना सावकाश फिरवायची ब्रह्ममुद्रा, पवनमुक्तासन, भुजंगासन अशी मोजकी आसनं आणि मग मकरासन. पालथं पडायचं, हातांवर कपाळ टेकायचं, पाय सैल सोडायचे. बाई फक्त विचारायच्या, "पोट जमिनीला कधी टेकतंय? श्वास आत येताना की बाहेर जाताना?" मला सांगता येईना, कारण माझं पोट हलतच नव्हतं. सगळा श्वास गळपट्टीच्या हाडांपाशी चालला होता. खांदे वर, मान ताठ, पोट आत ओढलेलं. वर्षानुवर्षं मी अशीच श्वास घेत आले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मकरासनाचा फायदा असा, की पालथं पडल्यावर छातीला फार हलता येत नाही. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, खाली उतरावंच लागतं आणि त्याने पोट जमिनीवर दाबलं जातं. हे कुणी सांगून कळत नाही, जमीन सांगते. काही दिवसांनी एकदा ते पोट जमिनीला टेकलं, आणि पाठीच्या खालच्या भागात, कमरेच्या वर, श्वास पोचल्यासारखं वाटलं. मला रडू आलं. बाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, पुढच्या ओळीतल्या आजींची मान सरळ करायला गेल्या.

पुढे शवासनात उताणं झोपून डोळे मिटून श्वास पाहायचा आला, तेव्हा उलटंच झालं. इतरांना डुलकी लागायची आणि माझं हृदय धडधडायला लागायचं. श्वासाकडे लक्ष दिलं की तो अडखळायचा, अडखळला की भीती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कितीतरी माणसं इथेच सोडून देतात. शांत बसल्यावर सगळ्यांना शांत वाटतं, असं सर्रास सांगितलं जातं आणि ज्याला तसं वाटत नाही तो आपल्यातच काही कमी आहे असं धरून चालतो. ज्याला पॅनिकचा अनुभव आहे त्याला आतल्या प्रत्येक हालचालीत धोका दिसतो, त्यामुळे आत पाहायला सांगितलं की तो बिथरतो. बाईंना हे ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "अगं, डोळे उघड. भिंतीला पाठ लावून बस. श्वास राहू दे, तळपाय जमिनीवर आहेत का तेवढं बघ." बरेच दिवस मी तशीच भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून बसले. कुणी हसलं नाही.

त्याच सुमारास एका सहकाऱ्याने इगतपुरीच्या विपश्यनेचं सुचवलं. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठायचं, दिवसभर बैठक. त्याला स्वतःला त्याचा फार उपयोग झालेला. मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सध्या नको. मला ते पटलं. त्या शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात, ते उगीच नाही.

मग एका सोमवारी बाई म्हणाल्या, आजपासून रेचक, म्हणजे श्वास सोडणं.

मला वाटलं होतं प्राणायामाची सुरुवात पूरकाने होत असेल, खोल श्वास घेऊन. बाईंनी फळ्यावर हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथातली ओळ लिहिली: युक्तं युक्तं त्यजेद्वायुं, युक्तं युक्तं च पूरयेत्. वायू हळूहळू, बेताने सोडावा. हळूहळू, बेताने भरावा. सोडणं आधी. पतंजलींच्या योगसूत्रांतही चित्त प्रसन्न करायचे जे उपाय सांगितले आहेत, त्यात प्राणाचा उपाय येतो तो 'प्रच्छर्दन' म्हणजे बाहेर टाकण्यापासूनच. बाई म्हणाल्या, "घेण्याची काळजी तू करू नकोस. सोडलास की तो आपोआप येतो. तो यायचा कधी राहिलाय का?"

घाबरलेल्या माणसाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सांगता येत असेल असं मला वाटत नाही. माझी सगळी लढाई श्वास घेण्याची होती. भरलेल्या छातीवर आणखी भरायचं, वर आणखी. तिथे कुणीतरी सांगत होतं, की जागा कर.

करायचं ते इतकंच: नाकाने, आवाज न करता, पोट हळूहळू आत जाऊ देत श्वास सोडायचा. शेवटचा थेंब पिळून काढायचा नाही. थांबायचं नाही. मग आत येईल तेवढा येऊ द्यायचा. सुरुवातीला मोजायचंही नाही. नंतर मनात तीन अंक होईपर्यंत आत आणि सहा होईपर्यंत बाहेर. पुढे जमेल तसं चार आणि आठ. पूरकाच्या दुप्पट रेचक, एवढंच प्रमाण. धाप लागली, पुढचा श्वास झटक्यात आत आला, तर अंक जास्त झालेत असं समजून खाली यायचं. ही खूण बाईंनी सगळ्यांना पाठ करायला लावली होती. रेचकानंतरचा पूरक घाईने आला, तर रेचक ताणला गेला होता.

एके दिवशी त्यांनी आम्हाला मनगटावर बोटं ठेवायला लावली. श्वास आत घेताना नाडी किंचित भरभर पडते, सोडताना मंदावते. खरंच तसं होतं, कुणीही करून पाहावं. हृदयाला लगाम घालणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूतून निघून थेट छाती-पोटात उतरतो. पूरकात त्याची पकड सैल होते आणि रेचकात घट्ट होते. रेचक लांबवला की तेवढा वेळ हृदय संथ चालतं. साधारणपणे मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात. एक अंक एक सेकंदाचा धरून चार आणि आठचं प्रमाण ठेवलं तर पाचच होतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की हृदयाच्या गतीतले आणि रक्तदाबातले चढउतार एका तालात येतात, असं आढळलं आहे.

याच संदर्भात बाईंनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं, तो मला फार भावला. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो छापला. तेवीस जणांना एकदा लॅटिनमधली मेरीची प्रार्थना जपमाळेसारखी म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला. ख्रिस्ती जप आणि बौद्ध मंत्र, दोन्हींची लांबी माणसाच्या रेचकाला सारखीच साजेशी. त्या संध्याकाळी घरी सासूबाई हरिपाठ म्हणत होत्या. मी ओट्याशी उभी राहून ऐकत राहिले. एक चरण, एक रेचक. टाळ वाजतो तेवढ्यात पूरक. रोज संध्याकाळी घरात हे चाललेलं होतं. त्यांची वारी त्यांच्या विठ्ठलासाठी आहे, नाडीसाठी नाही, आणि ते तसंच असावं. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसायला लागले.

प्राणाबद्दल मी काय मानते, हेही लिहायला हवं. बाई शिकवताना प्राण, अपान, समान, उदान, व्यान यांची नावं घेऊनच शिकवतात. अपान नाभीच्या खाली, बाहेर टाकणारा, समान नाभीपाशी, पचवणारा, उदान कंठात, प्राण हृदयापाशी, व्यान सगळ्या अंगभर. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्राण आणि श्वास एक नव्हेत, पण प्राणापर्यंत पोचायला आपल्या हाताशी असलेली गोष्ट श्वास हीच आहे. आपल्याकडे ही परंपरा काही बाहेरून आलेली नाही. ज्ञानदेवांचे गुरू निवृत्तिनाथ नाथपंथातले, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात प्राणापानांचं आणि कुंडलिनीचं जे वर्णन आहे ते मराठीत इतक्या तपशिलाने सातशे वर्षांपूर्वी आलं.

मला कुणीकुणी सांगतात, तुमच्या लाइनमधून वाहते तशीच ही जीवनऊर्जा, शरीरातली वीजच ती. हे मला मुळीच पटत नाही. वीज मी रोज मोजते. तिला व्होल्ट आहे, अँपिअर आहे, ती चुकीच्या हाताला लागली तर माणूस मरतो. प्राणाला मीटर नाही आणि त्याला वीज म्हटल्याने त्याचा मान वाढत नाही. माझ्यापुरतं मी असं धरते, की शरीर आतून कसं जाणवतं याचा तो जुन्या साधकांनी फार बारकाईने काढलेला नकाशा आहे. अपान बिघडला आहे असं बाई म्हणाल्या, तेव्हा मला ओटीपोटातला तो कायमचा आवळलेपणा पहिल्यांदा दिसला आणि लक्ष तिथे नेता आलं. "कोलन आकुंचन पावलं आहे" असं म्हणून ते झालं नसतं. नकाशा उपयोगी आहे, म्हणून मी तो वापरते.

मात्र त्या नावावर जे विकलं जातं त्याबद्दल मला राग आहे. एका मैत्रिणीच्या आग्रहावरून मी रेकीही घेतली. ही जपानची पद्धत, मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केलेली. अंगावर किंवा अंगाच्या जरा वर हात धरून जीवनशक्ती देतात असं मानतात. तासभर अंधाऱ्या खोलीत कुणीतरी मायेने शेजारी बसलं, मला बरं वाटलं, गाढ झोपही लागली. दिवसभर दुसऱ्यांचं करणाऱ्या बाईच्या अंगावर कुणी मायेने हात ठेवत नाही, तेवढ्यानेही पुष्कळ होतं. पण उठल्यावर मला डॉक्टरांनी नंतर सुरू केलेली रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगण्यात आलं, तेव्हा मी पैसे देऊन निघाले. ज्याच्या हातात मोजायचं यंत्र नाही त्याने चालू औषध बंद करायला सांगू नये. यात मला कुणाचीही भीड वाटत नाही.

उज्जायी, अनुलोम-विलोम आणि भ्रामरी हे त्यानंतर एकामागून एक आले. उज्जायीत कंठ किंचित आकसून श्वासाला बारीक घासल्यासारखा आवाज येऊ द्यायचा. त्या आवाजामुळे श्वास एकसारखा आहे का ते कानाला कळतं. अनुलोम-विलोमात उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर आणि करंगळी-अनामिका डावीवर. डावी ती इडा, चंद्राची. उजवी पिंगला, सूर्याची. सुरुवातीला माझी एक नाकपुडी बंदच असायची, मला वाटलं सर्दी आहे. तसं नसतं. नाकपुड्या काही तासांच्या फेऱ्याने आळीपाळीने मोकळ्या होत असतात, जर्मनीतल्या रिचर्ड कायझर यांनी १८९५ सालीच हे नोंदवलं आहे. आपल्याकडचे स्वरशास्त्रवाले त्याच्या कितीतरी आधीपासून कोणता स्वर, म्हणजे कोणती नाकपुडी, चालू आहे ते पाहून घराबाहेर पाऊल टाकत.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी देणगी ठरली भ्रामरी. ओठ मिटून, दात न आवळता, भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडायचा. यात रेचक लांबवावा लागत नाही, आवाज चालू आहे तोवर तो लांबतोच. आणि डोळे मिटून आत पाहायची जी भीती मला होती, ती इथे उरली नाही, कारण लक्षाला धरायला आवाज होता; कवटीत, टाळूवर, छातीच्या हाडावर त्याची थरथर होती. गुणगुणताना नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण साध्या उच्छ्वासाच्या सुमारे पंधरा पट वाढतं असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं. त्यावरून भ्रामरीने अमुक आजार बरा होतो असं कुणी म्हणू लागलं तर ऐकू नये. तेवढं त्यातून निघत नाही. माझं सांगायचं तर रात्री पहिल्यांदा सलग झोप लागली ती भ्रामरी करून आडवी झाले तेव्हा.

कुंभक मात्र नाही. वर्गातली तरुण मुलं विचारायची, बाई श्वास कधी रोखायचा, पूरक, कुंभक, रेचक यांचं एकास चारास दोनचं प्रमाण कधी? बाई त्यांना हठप्रदीपिकेतलाच आणखी एक श्लोक ऐकवायच्या. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळूच वश होतात तसाच वायू. नाहीतर तो साधकाला मारतो. पुढे त्याच ग्रंथात चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकं, कान, डोळे दुखणं असं होतं म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. ज्यांना रक्तदाब, हर्निया, हृदयविकार आहे आणि ज्या गरोदर आहेत, त्यांना बाई कपालभाती, भस्त्रिका हे जोरात, भराभर श्वासाचे प्रकारही करू देत नाहीत. माझ्या आजारात तर भराभर श्वास हेच मूळ दुखणं होतं. कपालभातीच्या झटक्यांनी मला पुन्हा त्याच मुंग्या आल्या असत्या.

यानंतरच्या मे महिन्यात वळवाची रात्र आली. माझी रात्रपाळी. साडेनऊला वारा सुटला, पश्चिमेला लखलखाट, आणि एकापाठोपाठ एक फीडर ट्रिप व्हायला लागले. दोन्ही फोन एकाच वेळी वाजत होते. एका गावातून लाइन तुटून रस्त्यावर पडल्याचा फोन आला, तो फीडर मी बंद ठेवला. दुसऱ्यावर लाइनमन परमिट मागत होता, फांदी पडली होती. त्याला परमिट दिलं, नोंद केली, आणि मग ते आलं. छाती आवळली, बोटांच्या टोकांना मुंग्या.

मी खुर्चीत नीट बसले, तळपाय टेकवले. फोन वाजू दिला. श्वास सोडला. छातीला घेण्याची घाई झाली होती, तरी सोडला. पुन्हा थोडा आला, पुन्हा सोडला. ओठ मिटून अगदी हळू आवाजात भ्रामरी केली, बाहेर पाऊस इतका होता की मदतनिसाला ती ऐकूही गेली नसेल. भीती काही पळाली नाही. ती होती, वाढायची थांबली होती, आणि काही मिनिटांनी ओसरायला लागली. मुंग्या गेल्या तेव्हा मी पुढचा फोन घेतला. मध्यरात्रीनंतर परमिट परत आलं. लाइनमनचं नाव विचारलं, नंबर ताडला, सगळी माणसं खाली आहेत का, अर्थिंग काढलं का, सगळं विचारून नोंद केली. एकदा वाचली. एक लांब रेचक घेतला आणि ब्रेकर चालू केला.

तो रेचक आता माझ्या कामाचा भाग झाला आहे. नोंद वाचून झाल्यावर आणि ब्रेकरला हात लावण्यापूर्वी, दर वेळी. त्याने मी सावध राहते आणि एकदाच वाचते.

पण अभ्यासाने सगळं भागतं असं कुणी समजू नये. माणसं कमी, पावसाळ्यात पाळीवर पाळी, सुट्टी मिळायची मारामार, हा ताण माझ्या श्वासातून जन्मलेला नव्हता. शांत झालेल्या डोक्याने मी पहिलं काम केलं ते वरिष्ठांना अर्ज लिहिण्याचं, की पावसाळ्यात रात्रपाळीला दुसरा प्रशिक्षित माणूस हवा. आधी मला वाटायचं मीच कमी पडते आहे, तोवर असा अर्ज माझ्या हातून लिहून झाला नसता. दुसरा माणूस गेल्या पावसाळ्यात निम्म्या रात्री मिळाला. अर्ज मी पुन्हा केला आहे. "प्राणायाम करा म्हणजे ताण सहन होईल" असं जो कामाचा बोजा वाढवणारा माणूस सांगतो, त्याचं ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीचा डोस त्यांच्या हिशेबाने हळूहळू कमी करत आणला. रक्तदाबाची गोळी चालू आहे, आकडा बहुतेक वेळा १३० च्या आत असतो. रात्रपाळीहून आलेल्या दिवशी मी फक्त मकरासन आणि भ्रामरी करते, बाकी काही नाही, हा बाईंचा नियम. पाळ्या बदलतात तशी वेळ बदलते, पण पोट रिकामं हवं एवढं मी सांभाळते. ज्यांच्या गावात असा वर्ग नाही आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा होतो, त्यांनी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवावा. तो सरकारी आहे, फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

शेजारच्या उपकेंद्रातल्या एका सहकाऱ्याला परवा पाळी संपताना तसंच झालं. त्याच्या आवाजावरून फोनवरच माझ्या लक्षात आलं, वाक्य पुरं व्हायच्या आत तो श्वास ओढत होता. "मॅडम, ते प्राणायामाचं मला शिकवा," म्हणाला. मी त्याला आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढायला आणि रक्तदाब मोजून घ्यायला सांगितलं आहे. रिपोर्ट साधे आले तर सोमवारी पहाटे त्याला बाईंकडे घेऊन जाईन. येताना सतरंजी घेऊन ये, एवढं सांगून ठेवलं आहे.